पावसाळ्याची बेगमी

आमच्या घरांतील बायकांची वर्षाची बेगमी चैत्रांत सुरू होते आणि मृग निघण्यापूर्वीं संपते. पापड, कुरडया, शेवया, लोणचीं, डाळींना ऊन दाखविणें, सरपण छपराखालीं नेणें अशी कामांची यादी आई माजघराच्या भिंतीवर टांगून ठेवते, आणि एकेक काम उरकलें कीं त्या ओळीपुढें खूण करते. मृग नक्षत्र जूनच्या ७ किंवा ८ तारखेस लागतें. परंतु त्या दिवशीं खुणेवांचून राहिलेली ओळ आम्हीं कधीं पाहिली नाहीं. चार वर्षांपूर्वींपर्यंत त्या यादींत पुरुषांचें मात्र एकहि काम नव्हतें. तें कसें आलें, हें सांगण्यासाठींच हा लेख.

हिमायतनगरजवळ आमची वडिलोपार्जित शेती असून शेतांतच आमचें घर आहे. गांवाचें जुनें नांव वाढोणा. श्रीपरमेश्वराचें मंदिर आणि तेथील महाशिवरात्रीची यात्रा यांमुळें भोंवतालच्या मुलखांत तें सर्वांस ठाऊक आहे. मुदखेडहून आदिलाबादेस जाणाऱ्या लोहमार्गावर आमचें स्टेशनहि आहे. परंतु स्टेशन, बाजार, शाळा, दवाखाना हें सर्व गांवांत, आणि आम्ही डांबरी सडकेपासून दोन किलोमीटर आंत. मधली वाट काळ्या मातीची. ही माती उन्हाळ्यांत हातभर भेगाळते आणि पाणी लागतांच फुगून चिकट होते. मोटारसायकलच्या चाकाबरोबर चिखल वर चढून मडगार्डांत असा घट्ट बसतो, कीं चाक फिरेनासें होतें. मग काठीनें तो उकरीत बसावें. म्हणून आमचा पावसाळ्यांतील भरंवसा एका जुन्या जीपवर, आणि जीपनें दगा दिला तर बैलगाडीवर.

त्या वर्षीं वैशाखापासूनच जीप सकाळीं ढकलल्यावांचून सुरू होत नसे. आईनें एकदां विचारलें, “अरे, बॅटरी दाखवली का?” आम्ही म्हणालों, “आदित्यवारीं पाहूं.” असे तीन आदित्यवार गेले. त्याच सुमारास आमच्या सालगड्यानें बैलगाडीचीं चाकें लोहाराकडे नेण्यासाठीं पैसे मागितले. जीप असतांना गाडीवर खर्च कशाला, म्हणून आम्हीं कुरकुर केली. आणि अखेर आईनेंच आपल्या डब्यांतून पैसे काढून दिले.

मृगाच्या दुसऱ्या आठवड्यांत एका रात्रीं धो धो पाऊस लागला, आणि धाकट्या भावजयीच्या पोटांत कळा सुरू झाल्या. हें दुसरें बाळंतपण सासरींच करावयाचें ठरलें होतें. दिवस मात्र अद्याप पंधरा बाकी होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागविली. ती सडकेपर्यंत येणार होती, पण पुढल्या चिखलांत तिला उतरवणें शक्य नव्हतें. आम्हीं जीपची किल्ली फिरविली, तों ‘टक्’ एवढाच आवाज! गुडघाभर चिखलांत जीप ढकलणार कोण आणि कशी? धाकटा भाऊ एक अक्षर बोलला नाहीं. तो बोलला असता तर बरें वाटलें असतें.

तेवढ्यांत सालगडी कंदील घेऊन आला. “मालक, गाडी जुंपली हाय. वैनीला आणा.” गाडींत कडबा पसरून वर गोधड्या आणि ताडपत्री घातलेली होती. आई भावजयीचें डोकें मांडीवर घेऊन बसली. आम्ही दोघे भाऊ चाकांना खांदा देत चाललों. दोन किलोमीटरांस जवळजवळ एक तास लागला. पण चाक कुठें डगमगलें नाहीं. रुग्णवाहिका सडकेवर उभी होती. पहांटे मुलगी झाली. “आणखी उशीर झाला असता तर बाळ हातीं लागलें नसतें,” असें डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हां आम्ही मान खालीं घालून उभे होतों.

मागाहून आम्हीं त्या चाकाची हकीकत समजून घेतली. उन्हाळ्यांत लांकूड वाळून आटतें. मग चाकावरची लोखंडी धाव सैल होते आणि आरे खुळखुळतात. लोहार ती धाव उतरवून तिचा घेर किंचित् कमी करतो, गोवऱ्यांच्या आगींत ती लाल तापवितो, आणि तापून फुगलेली धाव चाकावर चढवून वर पाणी ओततो. निवतांना ती आकसते आणि सगळें चाक आवळून धरते. ज्या खर्चासाठीं आम्हीं कुरकुर केली, तो हाच.

बॅटरीचीहि गोष्ट याहून अवघड नाहीं. आमच्या जुन्या धर्तीच्या बॅटरींत सहा कप्पे असून प्रत्येकांत शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. उन्हाळ्याच्या तापानें त्यांतील पाणी उडतें, आणि पट्ट्या उघड्या पडल्या कीं त्या निकामी होऊं लागतात. म्हणून त्यांत वेळोवेळीं ऊर्ध्वपातित पाणी घालावें; विहिरीचें घालूं नये, कारण त्यांतील क्षार पट्ट्यांस बाधतात. तारा जोडावयाच्या टोंकांवर पांढरट-हिरवट थर बसला असेल, तर तारा सोडवून, कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून तीं टोंकें घासावीं. तें पाणी मात्र कप्प्यांत जाऊं देऊं नये. हें करतांना हातमोजे व चष्मा घालावा आणि जवळ विस्तव नसावा. सगळें काम अर्ध्या तासाचें. तेवढ्यासाठीं आम्हीं तीन आदित्यवार घालविले!

बाळंतिणीचा सव्वा महिना झाल्यावर आईनें यादी खालीं काढली आणि लोणच्याच्या ओळीखालीं स्वतःच्या हातानें लिहिलें: जीपची बॅटरी, चाकांतील हवा, वायपरचें रबर, बैलगाडीच्या धावा. भावजय पुढल्या हिवाळ्यांत जीप चालविण्यास शिकली. बॅटरींत पाणी घालण्याचें काम आतां तिनेंच मागून घेतलें आहे. सालगड्यानें पैसे मागितले तर कशास म्हणून आम्ही विचारीत नाहीं.

मुलगी आतां चार वर्षांची आहे. यादींतील आमच्या ओळींपुढें खूण करण्याचा मान तिचा. पेन्सिल घेऊन ती आमच्यासमोर उभी राहते आणि आई शिकवील तसें विचारते, “काका, झालं का?” तिला मात्र आम्हांस ‘आदित्यवारीं पाहूं’ असें सांगवत नाहीं.