अब्बांच्या बंदुकीचा दस्ता

मंडळी, मक्केत राहणारा माणूस बंदुकीवर लेख पाठवतोय म्हटल्यावर संपादकांच्या भुवया नक्कीच वर गेल्या असतील. घाबरू नका! इथल्या माझ्या घरात भाजीच्या सुरीपेक्षा धारदार काही नाही. बंदूक आहे ती दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी, रीतसर परवान्याची. आणि हा लेख खरं तर बंदुकीवर नाहीच, तिच्या लाकडी दस्त्यावर आहे. त्या दस्त्याची मी एकदा माती केली आणि सोळा वर्षांनी ती निस्तरली, त्याची ही गोष्ट.

कोकणात ज्यांचं बालपण गेलं त्यांना शेतीसंरक्षणाची बंदूक नवी नाही. वानरं आंब्यावर, डुकरं भातावर. पिकं वाचवायची तर रात्री माळ्यावर बसून हवेत बार काढावा लागतो. अब्बांना असा परवाना 1978 साली मिळाला, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. बंदूक एकनळी, बारा बोअरची, श्रीनगरची. श्रीनगरच्या रैनावारीत बंदूकखार मोहल्ला नावाची वस्तीच आहे. एके काळी तिथे घरोघर हे काम चालायचं, आता कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरलेत. दस्ता अर्थात काश्मिरी अक्रोडाचा. अक्रोडाचं लाकूड एकदा नीट वाळलं की सहसा वाकत नाही, बाराचा धक्का सोसतं आणि हाताला जड होत नाही. म्हणून जगभर बंदुकीला अक्रोडच पसंत करतात.

2001 साली मी एम.एस. करायला अमेरिकेला निघालो. जायच्या आधी घरासाठी काहीतरी करून जावं असं फार वाटत होतं. दारांना लावून उरलेला चॉकलेटी ऑईलपेंटचा डबा पडवीत होता. बंदुकीचा दस्ता जुनाट, डागाळलेला दिसत होता. घेतला पॉलिशपेपर आणि लागलो घासायला. उजवी बाजू घासून होईतो हात भरून आले, डावी तशीच सोडली आणि दोन हात चढवले. दस्ता आरशासारखा चमकायला लागला. अब्बांनी उलटसुलट करून बघितला आणि एवढंच म्हणाले, "बरं झालं." मला वाटलं, खूश झाले.

पुढे शिक्षण झालं, नोकऱ्या झाल्या आणि 2013 मध्ये कामानिमित्त मी मक्केत आलो. अझीझिया भागात आमचा फ्लॅट आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना या शहरात येता येत नाही, म्हणून इथली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जुन्या मक्केतल्या घरांना लाकडी जाळीचे, भिंतीबाहेर आलेले सज्जे असत. त्यांना इथे रोशन म्हणतात. आतून रस्ता दिसावा, बाहेरून आतलं माणूस दिसू नये आणि वारा खेळावा अशी सोय. या रखरखीत डोंगरांत एवढं लाकूड कुठलं? त्यातलं बरंचसं सागवान, समुद्रमार्गे हिंदुस्थानातून आणि जावाकडून आलेलं. ज्या समुद्राने मुंबईहून हाजींची जहाजं यायची (ती 1995 साली बंद झाली), त्याच समुद्राने आपला सागही यायचा. मक्केत अशी घरं आता फार थोडी उरली. बघायचीच असतील तर जेद्दाच्या जुन्या भागात, अल बलदमध्ये बघा. 2014 पासून तो भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे.

इथल्या जुन्या सामानाच्या बाजाराला हराज म्हणतात. तिथे मला रोशनची एक मोडकी झडप मिळाली. वर निळा, हिरवा, पांढरा असे रंगाचे थरावर थर. गॅलरीत बसून मी सँडपेपर चालवायला सुरुवात केली. आमच्या इमारतीत दुरुस्तीला येणारा एक म्हातारा सुतार, पाकिस्तानातल्या चिनिओटचा (तिथली लाकूडकामाची परंपरा मोठी), हे बघून कळवळला. माझ्या हातातून कागद काढून घेत म्हणाला, "इंजिनिअरसाब, रंग उतारो, हाथ मत उतारो." म्हणजे वरचा रंग काढा, पण वर्षानुवर्षं लागलेल्या हातांनी लाकडाला जो तुकतुकीतपणा आलाय तो खरवडू नका. पुढचे चार-पाच महिने दर शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्याकडून शिकलो. झडपेवरचे सगळे थर निघाले आणि खाली आपलं ओळखीचं सागवान निघालं.

2017 च्या मे महिन्यात सुट्टीवर घरी गेलो. अब्बा पडवीत बंदूक पुसत होते. पहिल्यांदाच माझं लक्ष गेलं की दस्त्याच्या मुठीवर जुन्या लुंगीची पट्टी घट्ट गुंडाळलेली आहे. "ही कशाला?" मी विचारलं.

"घामाने हात सटकतो."

"केव्हापासून?"

अब्बा काही बोलले नाहीत. आतून अम्मीचा आवाज आला, "तू रंग फासून गेलास तेव्हापासून!"

सोळा वर्षं! सोळा वर्षं तो माणूस अंधारात, पावसात, निसरड्या दस्त्याची बंदूक वापरत होता आणि फोनवर एका शब्दाने बोलला नाही. मुलाने हौसेने केलंय ना, मग राहू दे.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी नळीत काडतूस नाही हे दोनदा तपासलं, मागची पट्टी उघडून आतला लांब बोल्ट सोडवला आणि नुसता दस्ता माझ्या हातात दिला. नळी आणि बाकीचं लोखंड कपाटात कुलपात ठेवलं.

आता थोडं कामाबद्दल, कारण कुणाला घरचं जुनं लाकूड नीट करायचं असेल तर उपयोगी पडेल. उघड्या अंगणात, हातमोजे घालून, पेंट रिमूव्हर जाडसर लावला. वीस मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडल्या. तो लोखंडी पात्याने न खरवडता बांबूच्या चपट्या काडीने काढला, दोनदा, आणि टर्पेंटाईनने पुसून घेतला. लोखंडाला लागून असलेल्या भागात बंदुकीचं तेल मुरून काळं झालं होतं. तिथे खडूची पूड थिनरमध्ये कालवून लेप दिला. वाळताना खडू तेल ओढून घेतो. आपटून पडलेल्या पोच्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. पोचा म्हणजे दबलेले तंतू, तुटलेले नव्हेत. वाफ मिळाली की ते फुगून वर येतात. अब्बा हे बघून चकितच झाले. लोखंड बसतं त्या कडांना मात्र कागद लावायचा नाही, नाहीतर तिथे कायमची फट पडते.

रंग निघाल्यावर दस्त्याच्या दोन बाजू दोन तऱ्हेच्या दिसल्या. उजवी, मी 2001 साली घासलेली, फिकट, ओकीबोकी. डावी मात्र काळसर तपकिरी, आणि तिच्या वरच्या कडेला तळहाताएवढा एक गडद डाग. कसला डाग, मला कळेना. अब्बांनी दस्ता खांद्याला लावला, मान झुकवली आणि त्यांचा गाल बरोबर त्या डागावर टेकला. तेवीस वर्षांचा घाम आणि केसांचं खोबरेल. माझ्या आळशीपणामुळे तेवढा वाचला होता!

पूर्वीचा मी असतो तर ऑक्झॅलिक ॲसिडने तो डाग उडवून दोन्ही बाजू एकसारख्या केल्या असत्या. यावेळी उलट केलं. डाव्या बाजूला हात लावला नाही, उजवी तिच्या रंगाला आणायची ठरवली. त्यासाठी मक्केहून बरोबर रतनजोत आणली होती. हो, तीच, काश्मिरी रोगनजोशला लाल करणारी मसाल्याच्या दुकानातली मुळी. तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. विलायतेत बंदुकीचे दस्ते रंगवायला ही मुळी जुन्या काळापासून वापरत आले आहेत. अळशीच्या उकळलेल्या तेलात, ज्याला आपल्याकडचे रंगारी बेलतेल म्हणतात, ती दोन दिवस भिजत ठेवली. तेल रक्तासारखं लाल झालं. आधी पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर लावून बघितलं, मग उजव्या बाजूला पातळ हात दिले, प्रत्येक हातानंतर चोळून आणि पुसून. चौथ्या हाताला दोन्ही बाजू बहिणी-बहिणी वाटायला लागल्या. जुळ्या नाही, पण बहिणी.

एक ताकीद: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

या तेलाबद्दल सुतारांचा एक जुना नियम आहे. आठवडाभर रोज एकदा, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा आणि मग आयुष्यभर वर्षातून एकदा. पहिला आठवडा मी केला, पुढचं वर्ष अब्बांनी. वर्षातून एकदा हे आपल्या सुट्टीशी चांगलंच जुळतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. लुंगीची पट्टी अम्मीने चुलीत टाकली. 2020 मध्ये विमानं बंद, सुट्टी रद्द. तेव्हा अब्बांनी एकट्याने तेल लावलं, तेही सढळ हाताने आणि भर पावसाळ्यात. दस्ता महिनाभर चिकचिकत होता आणि फोनवर मलाच बोलणी बसली. सोळा वर्षं गप्प राहिलेला माणूस तेलाबद्दल बोलला, मला बरंच वाटलं.

2022 साली अब्बांनी बंदूक वारसाच्या नावे करायचं ठरवलं. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली की वारसाला तसा अर्ज करता येतो. थोरला मी, पण शेत राखतो धाकटा भाऊ. अर्ज त्याचाच झाला आणि तसंच व्हायला हवं होतं. तरी कागदांवर त्याचं नाव बघून घशाशी काहीतरी आलं, खोटं कशाला बोलू? अब्बांच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाले, "बंदूक त्याची. तेल तुझं."

तर मंडळी, सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या सगळ्यांनाच काहीतरी नवं, चकचकीत करून यायची घाई असते. करा जरूर. पण डबा उघडायच्या आधी, ती वस्तू रोज हाताळणाऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि तो "बरं झालं" म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.