लोड घ्यायचा की द्यायचा?

'लोड घेऊ नकोस यार!' हे वाक्य आपल्या कॉलेजात दिवसभरात किती वेळा कानावर पडतं, मोजून बघा. सबमिशन राहिलंय? लोड नाही घ्यायचा. वायव्हाला एक्स्टर्नल खडूस आलाय? लोड नाही घ्यायचा. पण हेच वाक्य शब्दाला शब्द इंग्रजी करून एखाद्या इंग्रज माणसाला ऐकवलं, तर तो बिचारा कुठलं पोतं उचलायचंय ते शोधत बसेल. त्यांच्याकडे मनावरचा लोड उतरतो, कामाचा लोड वाढतो. पण काळजी करणे या अर्थाने कुणी तो 'घेत' नाही. घेण्याचं काम त्याला आपण लावलं, 'टेन्शन घेणे'च्या चालीवर!

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे आमची हॉस्टेलची रूम. तिघे पार्टनर, तिघेही दहावीपर्यंत मराठी माध्यमाचे. पहिल्या वर्षी डिक्शनरी उशाशीच असायची. तिच्यात लोड म्हणजे 'ओझे, भार'. झालं! आणि वर्गात सर फळ्यावर लिहायचे डेड लोड, लाइव्ह लोड. आमच्यातल्या एकाने वहीत प्रामाणिकपणे उतरवलं : मेलेलं ओझं, जिवंत ओझं. गणितात तो आम्हा दोघांच्या खूप पुढे. पण पहिल्या युनिट टेस्टनंतर त्याने बॅग भरली. म्हणाला, "प्रत्येक शब्दाचा अर्थ माहितीय, वाक्याचा एकाचाही नाही. गावाकडे बीएस्सी करतो." त्याला त्या रात्री कसंबसं थांबवलं, ते एका सीनियरने. त्याचा सल्ला साधाच होता. वहीत एकटा शब्द लिहायचाच नाही, जोडी लिहायची.

मग 'लोड'चं पान सुरू झालं. डेड लोड म्हणजे स्लॅब, बीम, भिंती यांचं स्वतःचं वजन, जे जागचं हलत नाही. लाइव्ह लोड म्हणजे येणारं-जाणारं. माणसं त्यात आलीच, पण गंमत अशी की गोदरेजचं कपाटसुद्धा 'लाइव्ह'! आयएस ८७५ या कोडच्या दुसऱ्या भागात त्याला 'इम्पोज्ड लोड' म्हटलंय आणि राहत्या घराच्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, धरायला सांगितलंय. आणि लाइव्ह वायर? तिथे 'लाइव्ह'चा अर्थ वीज वाहणारी. लाइव्ह मॅचमध्ये तिसराच. म्हणजे शेजारी बदलला की शब्दाचा स्वभाव बदलतो. (माणसांचंही होतं म्हणा. असो.)

इलेक्ट्रिकलवाल्यांचा लोड तर वजनातच बसत नाही. त्यांच्याकडे पंखा लोड, मोटर लोड, हॉस्टेलवर चोरून लावलेली शेगडी तर फारच मोठा लोड. ट्रान्सफॉर्मरच्या नो-लोड टेस्टला सेकंडरीला काहीही जोडायचं नाही, तरी प्रायमरी थोडा करंट खातेच आणि त्यावरून गाभ्यातला लॉस कळतो. वीजबिलावर हाच लोड 'मंजूर भार' होऊन बसतो. आणि लोडशेडिंग! यातलं 'शेड' म्हणजे पत्र्याची शेड नव्हे. झाड पानं गाळतं, त्यातलं ते गाळणं आहे. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की भार गाळून टाकायचा. २००५ नंतरची काही वर्षं खेड्यापाड्यांत घरोघरी हा शब्द होता. आमच्या लहानपणी तो आधी कळला तो अंधारात, स्पेलिंग नंतर आलं. सरकारी मराठीने त्याला 'भारनियमन' केलं. चांगला शब्द आहे, फक्त गाळण्याचा कबुलीजबाब त्यात राहिला नाही.

पानं वाढत गेली. लोड-बेअरिंग वॉल, शॉक लोड, कूलिंग लोड, पेलोड, वर्कलोड. बंदूक लोड करतात, प्रोग्रॅम लोड होतो. 'लोडेड' माणूस पैसेवाला, 'लोडेड' प्रश्न मात्र खोचक. आमच्या पार्टनरने कुठूनतरी आणखी एक शोध लावला. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ओझं नव्हताच, होता वाट, प्रवास, वाहून नेणं. दिशा दाखवणाऱ्या चुंबकी दगडाला इंग्रजीत 'लोडस्टोन' म्हणतात, त्यातला 'लोड' हा मुळात हाच. स्पेलिंग पुढे वेगळी झाली.

अशा जोड्यांना भाषाशास्त्रात 'कोलोकेशन' म्हणतात. १९५० च्या दशकात जे. आर. फर्थ या इंग्रज भाषातज्ज्ञाने ही संज्ञा गाजवली. ऑक्सफर्डची नुसत्या कोलोकेशन्सची डिक्शनरीही २००२ साली निघाली. चहाला इंग्रजीत 'स्ट्राँग' चालतं, 'पॉवरफुल' चालत नाही. का? कारण काही नाही, रीत! आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मार खातो, भाव खातो, पैसे खातो, डोकं खातो, हवा खातो... आणि मेसमध्ये मात्र खाववत नाही! परदेशी पाहुण्याला 'खाणे'चा डिक्शनरीतला एकच अर्थ देऊन पुण्यात सोडा, तोही चौथ्या दिवशी बॅग भरेल.

आमच्या आजीला मात्र 'लोड' शब्द कुणी शिकवावा लागत नाही. तिच्यासाठी लोड म्हणजे गादी-तक्क्यांबरोबरचा, बैठकीवरचा. परीक्षेच्या दिवसांत फोनवर म्हटलं, "आजी, फार लोड आहे गं," तर ती म्हणाली, "मग टेक की जरा!"

पार्टनर आता सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिझाइनच्या तासाला आयएस ४५६ मधली लोड कॉम्बिनेशन्स, दीडपट डेड लोड अधिक दीडपट लाइव्ह लोड, वारा आला तर सगळं १.२ पट, आम्ही त्याच्याकडूनच समजून घेतो. त्याच्या वहीत सध्या 'सेट' सुरू आहे. सेट स्क्वेअर, डेटा सेट, जनरेटर सेट, सिमेंटचा सेटिंग टाइम, तारेतला पर्मनंट सेट. अडीच पानं झालीत, आणि बाजूच्या रूममधल्या 'सेटिंग'ची नोंद अजून बाकी आहे.