धाराशिवच्या शिवारात गव्हाचे सोवळे

सोलापुराहून तुळजापूरच्या वाटेस लागले म्हणजे तासाभराने बालाघाटाची चढण लागते. घाट फार मोठा नव्हे. परंतु वर आल्यावर वारा निराळा लागतो आणि डोळ्यांपुढे काळ्या जमिनीचा मुलूख पसरतो. आम्ही गेलो ते २०२४ च्या डिसेंबरअखेर. सोयाबीन केव्हाच निघून गेले होते आणि मोकळ्या रानांच्या मधूनमधून ज्वारीचे हिरवे पट्टे डोलत होते. कणसे नुकतीच निसवत होती; कडेने करडईच्या काटेरी ओळी उभ्या होत्या. या प्रांती रब्बीचे पीक पावसावर येत नाही. पाऊस गेल्यावर काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ते येते. गव्हाला पाणी द्यावे लागते. ज्वारीला ती ओल पुरते. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ या एवढ्याशा गोष्टीत आहे.

यात्रेकरूंस हा जिल्हा तुळजाभवानीमुळे ठाऊक असतो. इतिहासाची आवड असणारे नळदुर्गचा पाणीमहाल किंवा परांड्याचा किल्ला पाहावयास येतात. २०२३ साली त्याचे उस्मानाबाद हे निजामी राजवटीतले नाव जाऊन धाराशिव हे जुने नाव पुन्हा कागदोपत्री आले. आम्हीही देवीचे दर्शन घेतले, नाही असे नाही. परंतु आमच्या प्रवासाचे खरे कारण होते जेवण. माझ्या भाचीस चारचौघांच्या पंक्तीस बसून निर्धास्तपणे जेवावयाचे होते, आणि तसे ती तीन वर्षांत जेवली नव्हती.

तिची हकीकत थोडक्यात सांगतो. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन म्हणून एक चिकट प्रथिन असते. कणीक ताणली जाते, पोळी पातळ लाटता येते, पाव फुगून तसाच उभा राहतो, हे सारे त्याचेच कर्तृत्व. काही माणसांच्या शरीरास मात्र ते वैरी वाटते, आणि त्याच्याशी झुंजण्याच्या भरात शरीर आपल्याच लहान आतड्याचे अस्तर झिजवून टाकते. अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही. या व्याधीस सिलिअ‍ॅक म्हणतात. विलेम कारेल डिके या डच बालवैद्यास गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुले उपासमारीतही सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा खंगली. १९५० साली त्याने आपला प्रबंध सादर केला. आजही यावर औषध नाही. ते धान्य जन्मभर वर्ज्य करणे, एवढाच उपाय.

भाचीचे रक्त लहानपणापासून कमी. अशक्तपणा म्हणून माझी बहीण तिला तूप घालून गव्हाची लापशी देई, आणि मुलगी अधिकच वाळे. बहीण आता नाही; हे तिला कळले नाही, हेच बरे. माझा अपराध मात्र मला ठाऊक आहे. घरच्या एका मंगलकार्यात भाचीने पानातली पुरणपोळी तशीच ठेवली, तेव्हा सर्वांसमक्ष मी तिला 'नाटके पुरे' म्हणालो होतो. पुढे लग्न होऊन ती फ्रान्सात ल्यों शहरी गेली आणि तेथे तीन वर्षांपूर्वी रोगाचे नाव कळले. त्यात भुईमुगाची बाधा बालपणापासूनची. ती गोष्ट वेगळी आणि अधिक तातडीची: दाण्याचे कूट चुकून पोटात गेले तर घसा सुजून घटकेत प्राणावर बेतते, म्हणून अ‍ॅड्रेनलिनची सुई तिच्या पिशवीत सदैव असते.

ल्यों म्हणजे पाककलेचे माहेरघर. तेथे राहून भाचीस फ्रेंच स्वयंपाकाचा छंद लागला होता, आणि नेमका त्याच वेळी गहू बंद झाला. फ्रेंच रश्शाचा पाया म्हणजे लोणी व मैदा समभाग परतून त्यात दूध घालून केलेले बेशामेल. तेथे तांदळाच्या पिठीने काम भागते; रस्सा किंचित रवाळ लागतो, इतकेच. पण पदरी पापुद्र्यांच्या खाजगीवजा पक्वान्नांत आणि लोण्याच्या गोड पावात पिठाच्या ताणावरच सारी मदार. तेथे चार पिठे व डिंक मिसळून केलेली नक्कल तिला कधी गोड लागली नाही. 'मामा, मेलेल्या माणसाचा फोटो रंगवावा, तसं ते दिसतं,' असे ती म्हणे. मग एकदा ती ब्रिटनी प्रांतात गेली. तेथील गरिबांचे धिरडे कुट्टूच्या पिठाचे. फ्रेंच लोक कुट्टूला 'काळा गहू' म्हणतात खरे, पण गव्हाशी त्याचे काही नाते नाही. नीस शहरी हरभऱ्याच्या पिठाचे मोठे धिरडे तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात. म्हणजे फ्रान्सातही जेथे गहू दुर्मिळ होता, तेथे लोकांनी गव्हावाचून जेवण सिद्ध केलेलेच होते. नक्कल करावयाची नव्हती, शोधावयाचे होते. हे ती मला फोनवर सांगत होती, तेव्हा मला धाराशिवची येळवस आठवली.

येळवस किंवा वेळ अमावास्या ही मार्गशीर्षातली अमावास्या. पुण्यामुंबईकडे तिचे नावही ठाऊक नसते. धाराशिव-लातुरात मात्र त्या दिवशी शहरे ओस पडतात आणि माणसे शेतात जातात. कडब्याची कोप उभारून आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा करतात, उभ्या पिकावर आंबील शिंपडतात आणि तेथेच जेवतात. त्या जेवणात ज्वारीची आंबील, ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी आणि भज्जी असते. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. ओली तूर, सोलाणे, वाटाणे, पावटे, गाजर, बोरे, हाती येईल ती भाजी एकत्र शिजवून तिला आंबट ताकात कालवलेले डाळीचे पीठ लावतात. गहू म्हणावा तर एका खिरीत. माझे कॉलेजातले स्नेही धाराशिवास वकिली करतात. त्यांचे शेत तेरच्या वाटेवर आहे. त्यांस विचारले. ते म्हणाले, 'आईस विचारतो.' दुसऱ्या दिवशी आजींचेच बोलावणे आले.

आजी ऐंशीच्या घरातल्या. भाचीने संकोचत संकोचत सारे नियम सांगितले: गव्हाच्या पिठाचा हात लागलेला डाव चालणार नाही, पोळीचा तवा चालणार नाही, दाण्याचे कूट ज्या डब्यात असते तो डबा जवळ नको. असे सांगताना समोरच्याचा चेहरा हळूहळू कसा बदलतो, हे तिने पुष्कळदा पाहिले होते. आजींनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, 'म्हणजे पोरीचं गव्हाचं सोवळं आहे. एवढंच ना?'

मला हसू आले, परंतु तोच शब्द नेमका होता. वेगळी भांडी, वेगळे पाणी, आधी हात धुणे, शिवाशिव झाली की पुन्हा पहिल्यापासून. या बायकांनी ते जन्मभर केलेले. सोवळ्याच्या नावाखाली आपल्या लोकांनी माणसांस दूर ठेवले, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्या निमित्ताने भांडी सांभाळण्याची जी नजर आजींच्या अंगी आली होती, ती त्या दिवशी एका मुलीला जवळ बसविण्याच्या कामी आली.

आजींनी पहिली शंका काढली ती गिरणीची. ज्वारी निर्दोष खरी, परंतु गिरणीत तिच्या आधी कोणाचे गहू पडले असतील! डब्यावर 'ग्लूटेनमुक्त' छापावयाचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये असा आपल्याकडे नियम आहे. गिरणीच्या पाळूत अडकलेले मूठभर पीठ त्याच्या कितीतरी पट भरेल. तेव्हा माळ्यावरचे जाते खाली आले. त्यावर हळद आणि डाळीवाचून काही पडले नव्हते. सुनेने ज्वारी सुपात घेऊन दाणा दाणा निवडली. त्यात खरोखरच गव्हाचे सात दाणे निघाले. पहिली दोन मुठी पीठ गाईला गेले. भाचीने आयुष्यात प्रथम दळले, आणि अर्ध्या तासात तळहातास फोड आला.

दुसरी शंका आमच्या कोणाच्याच ध्यानी आली नसती. भाचीने हिंगाची डबी उलटून वाचली. बाजारचा बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. आजी क्षणभर गप्प झाल्या. 'साठ वर्षं घालते आहे. उपासालासुद्धा घातला असेल,' असे म्हणून त्यांनी डबी दूर सारली. भज्जी हिंगावाचून झाली. तेलाचा प्रश्न सहज सुटला: शेंगदाण्याच्या तेलाऐवजी घाण्याचे करडईचे तेल, जे या भागात पूर्वी घरोघर असे. चटणी दाण्यांची न करता कारळ्यांची केली.

मडक्यासाठी आम्ही तेरला गेलो. जुने मडके सच्छिद्र, त्यात काय काय मुरले असेल कोण जाणे, म्हणून नवे हवे होते. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे. येथून जाडेभरडे कापड गाड्यांत घालून भडोचच्या बंदरी जात असे. तेथील लामतुरे संग्रहालयात रोमन व्यापाराच्या खुणा पाहावयास मिळतात. पण आम्हांस घाई होती. गोरोबाकाकांच्या समाधीस नमस्कार केला, गोरा कुंभाराच्या गावचे एक कोरे मडके घेतले, आणि परतलो.

अमावास्येच्या दिवशी, सोमवारी ३० तारखेस, आम्ही शेतात गेलो. कोपीत पांडव मांडले होते. शेजारच्या शेतातली मंडळी आली, त्यांच्या टोपल्या आल्या, आणि खरी अडचण तेव्हा उभी राहिली. नैवेद्यात गव्हाची खीर होती. एका गृहस्थाने प्रेमाने वाटी पुढे केली व म्हणाले, 'ही खपली आहे ताई. खपली बाधत नाही, जुना गहू आहे.' हा समज पुष्कळांचा असतो आणि तो घातक आहे. खपली जुनी असली तरी गहूच, ग्लूटेन तिच्यातही असते. भाचीने तसे सांगितले. प्रसाद नाकारलेला पाहून ते गृहस्थ दुखावले, हे दिसत होते. तिचा चेहरा मला ओळखीचा होता. त्या मंगलकार्यात पुरणपोळी पानात ठेवताना तो असाच झाला होता.

तोच आजींनी कोपीच्या मागून एक झाकलेले पातेले आणले. जात्यावर भरडलेल्या ज्वारीच्या कण्या दुधात आटवून, गूळ घालून त्यांनी पहाटेच खीर करून ठेवली होती, आणि कोणाच्याही टोपल्या येण्याअगोदर तिचा नैवेद्यही वेगळ्या पानावर दाखवून झाला होता. 'पांडवांनी आधी तुझंच खाल्लं आहे,' त्या म्हणाल्या. भाचीने वाटी घेतली. मी तिच्याकडे पाहिले नाही. ज्वारीकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने मीच म्हणालो, 'त्या दिवशी मी तुला नाटकी म्हणालो होतो.' ती म्हणाली, 'मामा, भज्जी वाढा.'

भज्जीचा घास घेऊन ती जे बोलली ते लिहून ठेवण्यासारखे होते. फ्रेंच आचारी रस्सा बांधावयास मैदा घेतो; येथे डाळीचे पीठ आणि आंबट ताक तेच काम करतात, आणि आंबटपणा वर फुकट मिळतो. भाकरीचे तिला अधिक नवल वाटले. ज्वारीत ग्लूटेन नाही, मग भाकरी थापताना तुटत का नाही? कारण सुनेने पीठ उकळत्या पाण्याने भिजविले होते. पिठातले सत्त्व उकडून चिकट होते आणि तेच धरून ठेवते. भाची हातातला तुकडा तसाच ठेवून म्हणाली, 'मामा, शू! शूसुद्धा असंच करतात!' मला वाटले कोणी कुत्रे हाकलते आहे. शू हे फ्रेंच पोकळ पक्वान्नाचे नाव निघाले. त्यात पाणी-लोणी उकळून पीठ त्यातच शिजवून घेतात, मग अंडी घालून भाजतात. म्हणजे आधी उकडच.

रात्री कडब्याची पेटती पेंढी शेताभोवती फिरली, आणि आम्ही उशिरा घरी आलो.

आज धाराशिवातही गव्हाची पोळी रोजची झाली आहे. शिधावाटपाचा गहू स्वस्त, ज्वारी महाग, आणि भाकरी थापण्याचे कष्ट नव्या सुनांस नकोसे वाटतात. त्यांस दोष कसा द्यावा? गंमत अशी की, फ्रान्सच्या दक्षिणेतही ज्वारी पिकते, परंतु ती बहुतेक गुरांच्या पोटात जाते. भाचीने तेथे एका शेतकऱ्याकडून दाणे मिळविले व दगडी पाळूची हातगिरणी घेतली. गेल्या महिन्यात तिचे पत्र आले. ज्वारीच्या उकडीची शू तिने तीनदा केली. पहिल्यांदा बसली, दुसऱ्यांदा कडू झाली, तिसऱ्यांदा फुगली. आजींस विचारावयास सांगितले होते की, पिठाच्या किती पट पाणी घेता. मी तो निरोप धाराशिवास कळविला. आजींनी पाण्याचे माप सांगितले नाही. त्यांनी उलट विचारले आहे की, अंड्यावाचून ते फुगविता येईल काय. त्याचे उत्तर ल्योंहून अद्याप आलेले नाही.