गाडी किती उंच करावी?

गोल्फच्या मऊ हिरवळीसाठी घडविलेली विजेची गाडी आदिलाबादच्या काळ्या मातीत आणली, म्हणजे तिचे पोट घासणारच. पावसाळ्यात पडलेल्या खोल चाकोऱ्या कार्तिकापर्यंत वाळून दगडासारख्या होतात. घरातील वृद्धांना जैनथच्या लक्ष्मीनारायणाच्या दर्शनास नेण्यासाठी आम्ही अशी एक जुनी गाडी घेतली, आणि ती उंच करणारा ‘लिफ्ट किट’ निवडण्याचा प्रश्न उभा राहिला. घरातील तरुणांचे मन ६ इंचांच्या संचावर बसले होते.

परंतु संचाने वर जातो तो सांगाडा. मागचा आस जेथल्या तेथेच राहतो. आसाला उंची देते ते चाक, आणि तेही वाढीच्या निम्मीच. १८ इंचांऐवजी २२ इंचांचे चाक बसविले, तर आस दोनच इंच वर जातो. मोठ्या चाकास जागा करून देणे, एवढेच संचाचे काम. आपल्या बैलगाड्यांची चाके एवढी थोर का असत, याचे मर्म येथेच आहे.

उंचीचे मोलही द्यावे लागते. भार वर गेला की वळणावर कलंडण्याची भीती वाढते. मोठ्या चाकामुळे चढणीवर मोटारीवर व उतारावर ब्रेकवर अधिक ताण पडतो. शिवाय गुडघा धरून चढणाऱ्या आजींना ते ६ इंच डोंगराएवढे वाटणार.

म्हणून आम्ही ३ इंचांचा संच, बेताचे चाक आणि खाली एक जादा पायरी, असे ठरविले. वाट फारच बिघडली, तर दर्शन एक दिवस पुढे ढकलता येईल. आजींचा पाय घसरला, तर मात्र ते कायमचेच अंतरेल.