काचेची वाटी

प्रिय मुली,

पहिल्या भेटीत तू मला विचारलं होतंस, "काकू, गेल्या तीन वर्षांत केसांना काय काय लावलंत?" मी म्हणाले होते, "काही नाही गं, फक्त मेंदी." ते खोटं होतं. तुला तेव्हाच कळलं असणार, पण तू चेहऱ्यावर दाखवलं नाहीस. म्हणून कबुली आता चारचौघांत देते.

ती काळी मेंदी होती. पुडीतली, प्लॅस्टिकच्या वाटीत कालवून रविवारी जुन्या टूथब्रशने लावायची ती. पुडीवर पान मेंदीचं, आतला काळा मात्र पीपीडी या रसायनाचा. नुसत्या मेंदीने पांढरे केस तांबूस होतात, काळे कधीच होत नाहीत, हे जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला कळू नये? कळत होतं. पण पुडीवर पान होतं, आणि पान दिसलं की आपलं मन शांत होतं.

मग भाचीचं लग्न आलं. चार दिवस आधी एका पार्लरमध्ये शेडकार्डवरच्या कॉफी ब्राऊनवर मी बोट ठेवलं. तिथे कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगू, ते मला बरंच वाटलं. दोन तासांनी आरशात पाहते तर मुळाशी दोन बोटं रुंदीचा झेंडू आणि त्याखाली कोळसा. आमचे हे म्हणाले, "तोरणाचा खर्च वाचला."

मग मी तुझ्या खुर्चीत येऊन बसले. असं का झालं, ते तू केस विंचरता विंचरता सांगितलंस. केस महिन्याला सव्वा सेंटीमीटरच्या आसपास वाढतो. माझे केस पंचेचाळीस सेंटीमीटर, म्हणजे टोकाशी तीन वर्षांपूर्वीची मी. मुळाशी नवा, कोरा केस. त्याला टाळूची ऊब मिळते, त्यामुळे तिथे रंग भराभर उचलला जातो. काळ्या केसाचा काळा उचलला की आतून आधी लाल निघतो, मग नारिंगी, मग पिवळा. खालच्या लांबीवर मात्र पुडीचे थरावर थर. आणि रंगाने रंग निघत नाही. हे शेवटचं वाक्य तू इतक्या सहज बोललीस, की मला ते फळ्यावर लिहून ठेवावंसं वाटलं.

मी म्हणाले, "मग ब्लीच कर ना सगळ्याला."

तू उत्तर दिलं नाहीस. मानेमागून, कुणाला दिसणार नाही अशी एक बारीकशी बट कापलीस. अर्धी काचेच्या वाटीत टाकलीस. वाटीत वीस व्हॉल्यूमचं डेव्हलपर, म्हणजे सहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि अमोनियाचे थेंब. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते तापतात आणि केस तिथल्या तिथे तुटतो, म्हणून ही परीक्षा. माझी बट तापली नाही. उरलेल्या अर्ध्या बटेला तू ब्लीच लावून फॉइलमध्ये गुंडाळलंस. चाळीस मिनिटांनी ती विटकरी झाली होती, त्यापुढे जाईना. ओली बट चिमटीत धरून तू ओढलीस, तर ती शेवईसारखी लांब झाली आणि परत आखडलीच नाही. "हे डोकंभर होईल काकू. आज ब्लीच नाही."

लग्न दोन दिवसांवर. मी चिडले. "पैसे मी देणार, केस माझे," असंही बोलले. तू शांतपणे म्हणालीस, "केस तुमचेच आहेत, म्हणून तर."

घरी जाताना मला एकदम 1890 साल आठवलं. त्या वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी जमली आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. तो नकार केवढा, माझा झेंडू केवढा; तुलना करत नाही. पण बाईच्या डोक्याशी वस्तरा किंवा ब्रश धरलेल्या हाताने "नाही" म्हणायची रीत आपल्याकडे जुनी आहे, एवढं मनात येऊन गेलं. माझा राग मात्र त्याने गेला नाही. तो लग्नाच्या दिवशी गेला.

कारण त्या दिवशी तू नारिंगीवर निळ्या झाकेचा गडद अॅश बसवलास, तोही दहा व्हॉल्यूमने, केस आणखी उचलला जाऊ नये म्हणून. टोकं चार बोटं कापलीस. फोटोत कुणाला काही कळलं नाही. पुढे दर दीड महिन्याने थोडं कापणं, थोडं रंगवणं. पुडीचा शेवटचा थर गळायला दोन वर्षं लागली.

या दोन वर्षांत मी खुर्चीत बसून तुझी दुसरी नोकरीही पाहिली, शिकवण्याची. तुझ्या हाताखाली आलेली ती नवी मुलगी, जी आधी कित्येक महिने फक्त केस धूत होती, टॉवेल घड्या करत होती, डमीच्या डोक्यावर सेक्शन पाडत होती. एकदा तिने पिवळ्या पडलेल्या बटेवर अॅश लावला आणि बट शेवाळी झाली. तू ओरडली नाहीस. "निळा आणि पिवळा मिळून काय होतं?" एवढंच विचारलंस. मी खुर्चीतून "हिरवा!" म्हणून ओरडले, शाळेची सवय. पिवळ्याला जांभळा, नारिंगीला निळा, लालाला हिरवा, हे ती पोर त्या दिवशी शिकली. केस केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिका झाल्याशिवाय राखाडी टोनर लावायचा नाही, हेही. कोर्सच्या प्रमाणपत्रात हे येत असेलच. पण बिघडलेली बट हातात धरून शिकलेलं वेगळं.

तुझ्या बोटांवरची भेगाळलेली कातडीही पाहिली आहे. ग्लोव्हज फाटला की लगेच बदलत जा. आता हे मी तुला सांगायचं!

येत्या शनिवारी दुपारी नणंदेला घेऊन येते आहे. तिला बरगंडी हवंय. ती म्हणेल, केसांना आजवर तेलाशिवाय काही लावलेलं नाही. वाटी काढून ठेव.

तुझी,
काकू