चार मिनिटें

माणसाचीं कांहीं व्यसनें अशीं असतात कीं, तीं लपवून ठेवण्याची त्याला गरज वाटत नाहीं. उलट चारचौघांत तीं मिरवावींशीं वाटतात. क्रिकेट हें माझें अशा जातीचें व्यसन आहे. गेलीं तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. पण शेक्सपिअरच्या नाटकांतील अमुक एक प्रवेश कोणत्या अंकांतला, हें सांगण्यासाठीं मला अजून पुस्तक उघडावें लागतें. क्रिकेटच्या जुन्या सामन्यांतील आंकडे मात्र झोपेंतून उठवून विचारले तरी मी घडाघडा म्हणून दाखवीन. माझी ही खोड विद्यार्थ्यांना पुरती ठाऊक आहे. अभ्यासाचा कंटाळा आला कीं ते मोठ्या निरागसपणें गावसकरचें नांव काढतात, आणि मग तो तास त्यांचा होतो.

या स्मरणशक्तीचा मला फार अभिमान होता. तो अभिमान कसा गेला, तेंच आज सांगावयाचें आहे.

आमचें घर कळमन्याला, बाजारापासून हांकेच्या अंतरावर आहे. अंबिया बहाराचे दिवस आले कीं संत्र्यांच्या गाड्या तेथें रात्रभर येत असतात. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीं, मध्यरात्रीच्या सुमारास, नवी मुंबईच्या मैदानावर भारताच्या मुलींनीं दक्षिण आफ्रिकेला ५२ धांवांनीं हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हां बाजाराच्या रस्त्यावरील गाडीवाल्यांनीं एकदम भोंगे वाजविण्यास सुरुवात केली. कोणीं दिवाळींतले उरलेले फटाके काढले. माझेहि डोळे भरून आले. डोळे पुसून होतात न होतात तोंच माझें पाठांतर सुरू झालें. शफाली वर्माच्या ८७ धांवा, दीप्ति शर्माच्या ५८ धांवा आणि पांच बळी, उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७!

भाऊबीजेला येणें जमलें नाहीं म्हणून माझी धाकटी बहीण त्याच दिवशीं अमरावतीहून आली होती. ती कौतुकानें ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, तुझ्या लक्षांत सगळें कसें राहतें रे! बरें, ३१ ऑक्टोबर १९८७ ला काय झालें, तें सांग पाहूं."

मला तेवढेंच हवें होतें. त्या दिवशीं विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना आमच्या नागपुरांत, सिव्हिल लाइन्समधील मैदानावर झाला होता, आणि सतरा वर्षांचा मी तो उन्हांत बसून पाहिला होता. चेतन शर्मानें रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड यांचे लागोपाठ तीन चेंडूंवर त्रिफळे उडविले. विश्वचषकांतील ती पहिली हॅट्‌ट्रिक. गटांत पहिलें येण्यासाठीं २२२ धांवा झटपट करणें जरूर होतें, आणि त्या आपण ३२.१ षटकांतच केल्या. अंगांत ताप असतांना गावसकरनें नाबाद १०३ धांवा काढल्या. एकदिवशीय सामन्यांतील त्याचें तें एकुलतें एक शतक. हें सारें मीं एका दमांत सांगितलें.

"आणि चिटणीस पार्कवर काय झालें?" तिनें विचारलें.

मला प्रथम कांहींच उमजेना. मग उमजलें, आणि त्यानंतर बराच वेळ मला बोलतां आलें नाहीं.

आम्ही त्या वेळीं महालांत राहत होतों. बहीण चौदा वर्षांची होती, आणि मुलींच्या एका संघांतून खो-खो खेळत असे. त्याच शनिवारीं दुपारीं तिच्या संघाचा अंतिम सामना होता. "तूं तिच्याबरोबर जा, आणि अंधार पडण्यापूर्वीं तिला सायकलवरून घेऊन ये," असें आईनें मला आठ दिवस आधीं सांगून ठेवलें होतें, आणि मींही तें कबूल केलें होतें. पण आदल्या संध्याकाळीं एका मित्राकडे क्रिकेटचें एक तिकीट शिल्लक निघालें. दुसऱ्या दिवशीं रात्रीं बसलेल्या आवाजानें मी घरांत गावसकरच्या डावाचें वर्णन करीत होतों. वडील ऐकत होते. शेजारचे दोघेचौघे येऊन बसले होते. बहीण दाराशीं बसून ऐकत होती. तिच्या गुडघ्याला हळद लावलेली होती, हें मला आतां स्पष्ट आठवतें. ती कशासाठीं लावली आहे, हें मीं विचारलें नव्हतें. अडतीस वर्षांत मीं तें विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं मीं विचारलें. ती हंसून म्हणाली, "हरलों आम्ही. एका गुणानें. पण मी चार मिनिटें पळालें रे, नाबाद." ज्यांनीं खो-खो पाहिला आहे त्यांना या चार मिनिटांचा अर्थ सांगावयास नको. एका रांगेंत बसलेल्या आठजणी आणि मागें लागलेली नववी यांना चकवीत, खांबाला वळसे घालीत, छातीचा भाता झालेला असतांना तेवढा वेळ टिकून राहणें म्हणजे शतकच तें! पण त्याची कोठें नोंद नाहीं. घरांत ज्याला आंकडे पाठ करण्याचा छंद होता तो त्या वेळीं दुसऱ्या मैदानावर होता. पुढें तिचें शालान्त परीक्षेचें वर्ष आलें आणि खेळ सुटला. तिला 'खेळूं नकोस' असें कोणी म्हटलें नाहीं; 'खेळ' असेंही कोणी म्हटलें नाहीं.

ही एका घरची गोष्ट म्हणून मला सोडून देतां आली असती. पण त्या दिवसापासून मी माझें पाठांतर तपासूं लागलों, आणि जेथें तेथें भोंकें दिसूं लागलीं. स्त्रियांचा पहिला क्रिकेट विश्वचषक १९७३ सालीं इंग्लंडांत झाला, म्हणजे पुरुषांच्या दोन वर्षें आधीं. मी मात्र वर्गांत '१९७५ पासून' असें सांगत आलों. २०१० सालीं ग्वाल्हेरला तेंडुलकरनें नाबाद २०० धांवा केल्या तेव्हां, 'एकदिवशीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील जगांतलें पहिलें द्विशतक!' असें म्हणून मीं वर्गांत पेढे वांटले. बेलिंडा क्लार्क या ऑस्ट्रेलियन बाईनें डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धांवा १९९७ सालींच केल्या होत्या, आणि त्याही आपल्या मुंबईंत! आमच्या मुलींनीं १९७६ सालीं पाटण्याला वेस्ट इंडीजला हरवून पहिला कसोटी विजय मिळविला. १९८८ च्या विश्वचषकाला तर त्यांचा संघ गेलाच नाहीं. क्रिकेट नियामक मंडळानें त्यांचा कारभार आपल्याकडे घेतला तो २००६ सालीं. यांतलें एकही साल मला परवांपर्यंत ठाऊक नव्हतें.

यावर कोणी म्हणेल, "आतां काय कमी आहे? जिंकल्या कीं आपण डोक्यावर घेतोंच ना?" खरें आहे. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनें २०२५ च्या जुलैंत बातूमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हां सारें शहर आनंदलें. पण 'जिंकल्या कीं' या दोन शब्दांतच सगळी मेख आहे. विदर्भाला रणजी करंडक पहिल्यानें मिळाला तो १ जानेवारी २०१८ रोजीं. त्यापूर्वीं कित्येक वर्षें आम्ही सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर बसून विदर्भाचे पराभव पाहिले, शेंगा खाल्ल्या, आणि पुढच्या वर्षीं पुन्हा गेलों. 'आधीं जिंका, मग येतों' असें आम्हीं पुरुषांच्या संघाला कधीं म्हटलें नाहीं. पराभवांतही सोबत करणें हेंच खऱ्या शौकिनाचें लक्षण, असें मीच विद्यार्थ्यांना सांगत असें. हें लक्षण मुलींच्या मैदानाच्या फाटकाशीं येऊन कोठें गळून पडलें? आणि खो-खोच्या मुलींनीं तर जिंकूनही पाहिलें. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला. १९ जानेवारी २०२५ रोजीं दिल्लीला प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालीं भारतीय मुलींनीं नेपाळला ७८-४० असें हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. ती बातमी मीं वाचली होती. वाचून पान उलटलें होतें.

क्रिकेटचें वेड या वयांत सुटावयाचें नाहीं, आणि तें सुटावें अशी माझी इच्छाही नाहीं. पण आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एका मोकळ्या जागेंत कांहीं मुली संध्याकाळीं खो-खो खेळतात. तेथें मी अलीकडे अधूनमधून जाऊन उभा राहतों. पहिल्या दिवशीं मला पाहून एक मुलगी खेळ थांबवून जवळ आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही कोणाला न्यायला आले?"

"कोणालाही नाहीं," मीं म्हटलें, "खेळ पाहावयाला आलों."

तिनें वळून मैत्रिणींकडे पाहिलें. त्या सगळ्या हंसल्या, आणि मग जरा नेटानें पळूं लागल्या. मीं खिशांतून घड्याळ काढलें. मिनिटें मोजणें मला अजून नीट जमत नाहीं. पण त्या दिवशीं कोण किती वेळ पळाली, तें मीं घरीं येऊन वहींत लिहून ठेवलें, आणि अमरावतीला बहिणीला कळविलें.