८० रकाने, २४ ओळी

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली व्हीटी१०० हे टर्मिनल विक्रीस आणले तेव्हा त्याच्या पडद्यावर नेहमीच्या मांडणीत ८० रकाने आणि २४ ओळी बसत. ते यंत्र केव्हाच अडगळीत गेले असले, तरी त्याचा शिरस्ता अद्याप अबाधित आहे. प्रथम २७ क्रमांकाचे एस्केप चिन्ह, त्यामागून चौकोनी कंस आणि मग हुकूम, याच रीतीने टर्मिनलवर चालणारे प्रोग्राम लिहिणारे आम्ही आजही कर्सरला त्याचे स्थान सांगतो.

असे प्रोग्राम लिहिण्याच्या कलेचा प्राण काटकसरीत आहे, असे माझे दृढ मत आहे. ३०० बॉडच्या मॉडेमवरून सेकंदास सुमारे ३० अक्षरे येत, म्हणजे १९२० घरांचा पडदा भरण्यास मिनिटाहून अधिक काळ लागे. अशा निकडीच्या काळात, बिल जॉय यांनी व्हीआय या संपादकासाठी लिहिलेल्या कर्सरविषयक भागाच्या आधारे केन अर्नोल्ड यांनी बर्कलीत कर्सेस ही लायब्ररी सिद्ध केली. पडद्यावर काय आहे आणि काय असावयास हवे, याच्या दोन प्रती ती बाळगते, त्यांचा ताळा घेते आणि जेवढा भेद आढळेल तेवढाच रवाना करते. वाहिन्या आता वेगवान झाल्या, तथापि प्रत्येक कळीसरशी अवघा पडदा पुसून पुन्हा रंगवणारा प्रोग्राम आजही डोळ्यांना लुकलुकून शिणवतो.

दुसऱ्याचा प्रोग्राम तपासताना मी आधी त्याचा निरोप पाहतो. मध्येच कोसळला तरी त्याने लपवलेला कर्सर परत आणला का, टंकलेली अक्षरे पडद्यावर उमटवणारा, पण बंद केलेला प्रतिध्वनी सुरू केला का, टर्मिनल होते तसे धन्याच्या स्वाधीन केले का?

मात्र एका घरात एक अक्षर, हा या व्यवस्थेचा मूळ करार आपल्या लिपीला मानवत नाही. ‘क्षि’ हे डोळ्यांना एकच अक्षर दिसते, पण युनिकोडच्या दफ्तरी क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे नोंदलेली असतात, आणि शेवटी नोंदलेली वेलांटी काढली जाते मात्र सर्वांत आधी. प्रोग्रामने धरलेली रुंदी आणि टर्मिनलने धरलेली रुंदी यांत एका घराचाही फरक पडला, की त्या ओळीपुरती चौकटीची उजवी कड सरकते. मराठी जाणणाऱ्या तरुण प्रोग्रामरांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या याद्यांत क्षितिजा, ज्ञानेश्वर, कृष्णा अशी नावे घालून पाहावीत आणि कड सरकली तर नेमक्या उदाहरणासह टर्मिनलच्या कर्त्यांना कळवावे. ज्यांना ही लिपी वाचता येत नाही, त्यांना तो दोष आपण दाखवल्याखेरीज दिसणार नाही.